थोडं लावा, थांबा

ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की घराघरांतली कपाटं उघडली जातात. गाद्या गच्चीत जातात, रजया झटकल्या जातात, आणि वरच्या खणातून चार महिने न पाहिलेली एखादी चामड्याची पर्स बाहेर येते. तिच्या अंगावर पांढरट-हिरवट लव आलेली असते. घरात कुणीतरी नाक मुरडतं आणि म्हणतं, "टाकून दे ती." एवढी घाई नको. ही बुरशी आहे, आणि बहुतेक वेळा ती वरवरचीच असते. आपल्या पावसाळ्यात, त्यातून मुंबईत नि कोकणात, हवा दिवसचे दिवस ओली असते. चामड्यात तेल असतं, वर हाताच्या घामाचे थर असतात, आणि आपण मोठ्या प्रेमाने ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेली असते. बुरशीला आणखी काय हवं? नाकाला रुमाल बांधायचा, पर्स गॅलरीत न्यायची आणि कोरड्या सुती फडक्याने हलक्या हाताने पुसायची. घरात पुसू नका, नाहीतर तीच बुरशी शेजारच्या बुटांवर जाऊन बसते. मग दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर, चेन उघडी ठेवून. गच्चीतल्या गाद्यांच्या शेजारी मात्र नको. कडक उन्हात चामडं आक्रसतं आणि त्याचा रंग उडतो. एवढं केलं की पर्स पुन्हा ओळखू येते. निम्म्याहून अधिक काम झालेलं असतं, आणि खर्च शून्य.

माझ्या एका मावसबहिणीला जुन्या पर्सांचा नाद आहे. ती ठाण्याला बँकेत नोकरी करते. पुण्यात रविवारी कुणाकडे गेली की जुन्या बाजारात चक्कर ठरलेली. मुंबईत चोर बाजाराच्या गल्ल्या आहेतच. शिवाय ओळखीपाळखीच्यांचे माळे. 'ताई, आईची एक जुनी पर्स आहे, बघतेस का?' असा फोन आला की तिचा चेहरा खुलतो. नवी पर्स घ्यायला तिला परवडत नाही असं मुळीच नाही. तिला जुनीच आवडते. आणलेली पर्स ती लगेच साफ करायला घेत नाही, हे मला फार आवडतं. आधी नुसती बघते. उलटी करून झटकते. अस्तराचा वास घेते. अंगठ्याने दाबून पाहते. खरं चामडं असेल तर बोटाभोवती बारीक सुरकुत्या पडतात आणि बोट काढल्यावर हळूहळू मावळतात. मग झाकणाच्या आतली कापलेली कड शोधते. चामड्याची कड तंतुमय, थोडी लवदार दिसते. रेक्झीन असेल तर वर प्लास्टिकचा पातळ थर आणि खाली कापड, असं स्पष्ट दिसतं. रेक्झीनचे पापुद्रे एकदा सुटायला लागले की कुठलंही क्रीम त्यांना परत चिकटवू शकत नाही. अशी पर्स ती खुशाल बाजूला ठेवते. जे सुधारणारच नाही त्यावर रविवार घालवायचा नाही, हा तिचा नियम. मला तो नोकरीतही पाळण्यासारखा वाटतो, पण असो.

खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि त्यासाठी चामड्याच्या आत काय चालतं ते थोडं समजून घ्यावं लागतं. कातडं म्हणजे बारीक तंतूंचं गुंतवळ. ते कुजू नये म्हणून कमावावं लागतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, त्याला आठवडे लागतात. आजच्या बहुतेक पर्सा क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या कातड्याच्या असतात, ते काम कितीतरी लवकर उरकतं. पण दोन्हींत पुढे एक गोष्ट सारखीच असते. कमावून झाल्यावर त्या तंतूंमध्ये तेल मुरवलं जातं. तंतू एकमेकांवरून सहज सरकतात ते या तेलामुळे. पर्स दुमडते, वाकते, पुन्हा सरळ होते, ती त्याच जोरावर. वर्षं गेली की हे तेल हळूहळू कमी होतं. तंतू एकमेकांवर घासतात, तुटतात, आणि एक दिवस पट्ट्याच्या वळणावर बारीक भेग दिसते. म्हणून जुन्या पर्सेला तेल किंवा क्रीम द्यायचं असतं.

आणि इथेच आपला हात सैल सुटतो. कोरडी पर्स दिसली की वाटतं, बिचारीला भरपूर पाजू. खोबरेलाची बाटली तर हाताशीच असते. केसांना चालतं, पायांच्या भेगांना चालतं, मग पर्सेला का नाही? कारण खोबरेल चामड्याला काळपट करतं, डाग पाडतं, वर धूळ धरून ठेवतं, आणि काही महिन्यांनी त्याचा खवट वास सुटतो. चामड्यासाठी बनवलेलं साधं रंगहीन क्रीम मिळतं, तेच बरं. बहीण वाटाण्याएवढं क्रीम फडक्यावर घेते. समोरून सुरुवात कधीच करत नाही. पर्सेच्या तळाशी, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, आधी एवढासा ठिपका लावून बघते. रंग बदलला का, फडक्याला रंग लागला का. मग हलक्या हाताने सगळीकडे फिरवते, जेमतेम ओलसर दिसेल इतकंच. आणि डबी बंद करून झोपायला जाते. मी एकदा विचारलं, "एवढंसंच? अजून कोरडी दिसतेय की." ती म्हणाली, "आज रात्रभर पिऊ दे. उद्या तीच सांगेल." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पर्स कोरडी वाटली तर पुन्हा वाटाण्याएवढं. नाही वाटली तर नाही. चामड्याची तहान भागली की त्यानंतरचं सगळं क्रीम वरच बसतं. मग हात चिकट, ड्रेस चिकट, आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशीला आयतं जेवण.

जपण्यातली ही अवघड बाजू आपण फारशी बोलून दाखवत नाही. करायला आपल्याला आवडतं. थांबायला नाही. कुंडीतलं रोप कोमेजलेलं दिसलं की आपण तांब्याभर पाणी ओततो, आणि पुष्कळदा ते आधीच्याच जास्त पाण्याने कोमेजलेलं असतं. दहावीचा पेपर देऊन पोर घरात शिरतं, आणि चप्पल काढायच्या आत त्याला पाच प्रश्न. कसा गेला, सगळं सोडवलंस का, बाकीच्यांना कसा गेला, शेवटचं गणित आलं का, उद्याचं झालंय का. प्रेमच असतं ते सगळं. पण ते मुरायला त्याला वेळच मिळत नाही, सगळं वरच साचतं. एक ग्लास पाणी, एक प्रश्न, आणि मग अर्धा तास आपण आपल्या कामाला लागायचं. पोर आपणहून स्वयंपाकघराच्या दारात येऊन बोलायला लागतं, असा बऱ्याच घरांतला अनुभव आहे. ऑफिसमध्ये नव्याने लागलेल्या मुलीला काम शिकवतानाही हेच. एक गोष्ट सांगावी, तिला ती करू द्यावी, दुसऱ्या दिवशी विचारावं. पहिल्याच दिवशी आपला वीस वर्षांचा अनुभव तिच्यावर ओतला तर तिला काय लक्षात राहणार?

पर्सेचा पट्टा तुटला तर मात्र क्रीमचा काही उपयोग नाही. तिथे हात लागतो तो जाणत्याचा. बहिणीच्या स्टेशनबाहेर चपला-बॅगा शिवणारे एक काका बसतात. लाकडी पेटी, तिच्या झाकणाला आतून चिकटवलेलं संत रोहिदासांचं चित्र, रापी, आरी आणि मेणाचा एक काळपट गोळा. पट्टा हातात घेऊन त्यांनी आधी तुटका दोरा एकेक टाका उपसून काढला. मग नवा दोरा मेणावरून तीनदा ओढला. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया. एकाच भोकातून एक सुई इकडून तिकडे, दुसरी तिकडून इकडे. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक टाका तुटला की पुढचे ढिले पडत जातात. हाताच्या या शिवणीत दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार गेलेले असतात, त्यामुळे एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. बहीण म्हणाली, "काका, जरा जवळजवळ टाके घाला, मजबूत होईल." काकांनी मान वर न करता उत्तर दिलं, "ताई, जुनी भोकं चांगली आहेत. नवी पाडली तर पट्टा तिथूनच फाटेल." चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही. कापडासारखे तंतू तिथे पुन्हा सरकून जवळ येत नाहीत. जास्त टाके म्हणजे जास्त भोकं, जास्त भोकं म्हणजे पट्टा कमजोर. पुन्हा तेच: थोडं, आणि जिथे हवं तिथेच. काकांनी पन्नास रुपये सांगितले. बहिणीने घासाघीस केली नाही, हे मला बरं वाटलं. चामड्याच्या कामाला ज्या समाजाने शतकानुशतकं हलकं मानलं, त्याच समाजात चामड्याची पर्स खांद्याला लावून मिरवायला कुणाला कमीपणा वाटत नाही. निदान पैसे देताना तरी हे आठवावं.

सगळंच परत येतं असं नाही. जुन्या ग्रंथालयांत एकोणिसाव्या शतकातली चामडी बांधणीची पुस्तकं असतात. त्यांतलं एखादं हातात घेतलं की बोटांना तांबूस भुकटी लागते. हवेतल्या गंधकाच्या धुराने त्या जुन्या, सालीत कमावलेल्या चामड्याचे तंतूच सुटून गेलेले असतात. ते पूर्ववत करता येत नाही. आहे तेवढं धरून ठेवता येतं. पर्सेवरचे ओरखडे, कोपऱ्यांवरची झीज, बक्कलाशी पडलेली काळी रेघ यांचंही थोडंफार तसंच असतं. त्यांना रंग फासून लपवण्याचा अट्टहास मला तरी पटत नाही. जेन बर्किन या अभिनेत्रीसाठी १९८०च्या दशकात बनवलेली पहिली बर्किन बॅग १० जुलै २०२५ला पॅरिसमध्ये लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. त्या बॅगेवर ओरखडे होते, डाग होते, चिकटवलेल्या स्टिकरच्या खुणा होत्या. बाईंनी ती जपली असं काही म्हणवत नाही. त्यांनी ती वापरली. आपल्याला त्या ८६ लाखांशी काही देणंघेणं नाही, पण वापरणं हेही जपणंच असतं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. रोज हातात असलेल्या पर्सेला हवा लागते, ती वाकते-दुमडते, तिच्यावर लक्ष राहतं. न्यूयॉर्कमध्ये १९४१ साली सुरू झालेल्या 'कोच' कंपनीच्या जुन्या पर्सा आजही लोक शोधून शोधून घेतात. त्यांचं चामडं घडवताना मालक माइल्स कान यांच्या डोळ्यांपुढे बेसबॉलचा हातमोजा होता. तो जितका वापरावा तितका मऊ होत जातो, तशी पर्स त्यांना हवी होती. (या जुन्या, जाड चामड्याच्या पर्सा काही हौशी लोक साबणाच्या पाण्यात चक्क अख्ख्या बुडवून धुतात. आपण बादलीपर्यंत जाऊ नये. हे धाडस ज्याला चामडं ओळखता येतं त्याचं.)

तेव्हा सणासुदीची म्हणून कपाटात कोंडलेली पर्स आजच बाहेर काढा आणि कामावर घेऊन जा. संध्याकाळी घरी आल्यावर अर्धं मिनिट तिच्यासाठी ठेवा. पावसात भिजली असेल तर फडक्याने टिपून घ्या, घासू नका. आत जुना सुती कपडा नाहीतर कोरे कागद कोंबा म्हणजे आकार राहील. वर्तमानपत्र नको, त्याची शाई अस्तराला लागते. पंख्याखाली ठेवा. इस्त्री नको, हेअर ड्रायर नको. ओलं चामडं तापलं की ताठरतं, आणि ते ताठरलेपण जात नाही. सुट्टीत काही दिवस बाजूला ठेवायची असेल तर खुंटीला टांगू नका, पट्टा ताणला जातो. जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून फळीवर उभी ठेवा. बक्कल पितळी असेल आणि पितांबरीने चमकवावंसं वाटलं, तर आधी बक्कलाखाली कागद सरकवा. आणि मुलामा दिलेलं असेल तर राहू दे तसंच, घासलं की मुलामाच निघतो. चेन अडकत असेल तर मेणबत्तीचं टोक दातऱ्यांवरून एकदा फिरवा, रनर सुरळीत चालतो. पर्सेची देखभाल म्हणायची ती एवढीच.

आणि रोज रात्री पर्स रिकामी करा. पूर्ण. तळाशी काय काय सापडतं ते बघा. मागच्या महिन्याचं तिकीट, आवळासुपारीचं पाकीट, औषधाच्या दुकानाची पावती, तीन केसांच्या पिना, दोन रुपयांची नाणी, वितळून अस्तराला चिकटलेली एक गोळी. हे सगळं वजन पट्टा दिवसभर ओढत असतो, आणि तुमचा खांदाही. मनही असंच रोज रिकामं करावं, वगैरे चार वाक्यं इथे लिहिता येतील, पण तुम्हाला गाडी पकडायची आहे. फक्त निघताना एक पाहून घ्या: पेनाला टोपण आहे ना? बुरशी जाते, धूळ जाते, पावसाचे डागही पुष्कळसे जातात. चामड्यात मुरलेली बॉलपेनची शाई काढायची म्हणजे तिच्याबरोबर पर्सेचा रंगही काढावा लागतो.